डाव्या हातचा मळ

मुहर्रकच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर
एक खोली आहे, दाराला आतून दोन कड्या.
इथे मी बायकांकडची लग्नं कापते.
पुरुषांकडची कापायला पलीकडे पुरुष आहेत.
आमच्या फुटेजमध्ये केस मोकळे असतात,
म्हणून कापणारीही बाईच लागते.
मिरजेत कुणाला सांगितलं की हसतात,
अगं, लग्नं जुळवतात, कापतात काय!

तेरा वर्षं.
सी म्हणजे कात्री, व्ही म्हणजे बोट.
उजव्या हातात माऊस, डावा आपला आपण चालायचा.
डाव्या हातचा मळ, म्हणायचे मी,
आणि सीवरचं अक्षर खरंच त्या मळाने पुसून गेलं.

मग उम्म ईसाने हिशेब केला.
दर महिन्याला इतके दिनार, मरेपर्यंत?
भाड्याने राहायला ती काही आमच्यासारखी नाही.
हे नवं एकदाच घ्यायचं, म्हणाली, मग आपलंच.
आपलंच हा शब्द तिने मराठीत नाही म्हटला,
मला तसा ऐकू आला.

जुन्यातलं नव्यात नेताना काय येतं, काय राहतं
याची यादी कुणी देत नाही.
कट सगळे आले, फ्रेम न् फ्रेम.
एका दृश्यातून दुसरं उमलायचं, ते नाही आलं.
रंग उतरले,
नवरीच्या हातावरची मेंदी दुधाच्या चहासारखी.
आणि नावं! नूरा, शेखा, लतीफा,
अक्षरं सुटी झाली, उलटी चालू लागली
जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी.
एकेकीला धरून जोडत बसले.
लिपी माझी नाही,
पण मी ज्योत्स्ना. माझ्या नावातला त्स्न
आजवर कुठल्या यंत्राने धड लिहिलाय?

सी दाबते. काही कापलं जात नाही.
क्लिपभोवती नुसती पिवळी चौकट उमटते,
जणू विचारते, हीच ना?
कात्री आता बीवर आहे. माहीत आहे मला.
बोटाला कोण सांगणार?
घर बदललं की वर्षभर
हात जुन्याच भिंतीवर बटण शोधतो.

पण हे काहीच नाही.
जुन्यात एक तुकडा उडवला की जागा राहायची,
काळी, त्याच्याच मापाची,
मग तिचं काय करायचं ते मी ठरवायचे.
नव्यात उडवलं की पुढचं सगळं सरकून येतं,
चटकन, चुंबकासारखं.
इथे काही होतं याचा मागमूस नाही.

मारिविक गेली तेव्हा असंच झालं होतं.
गुरुवारी तिचा व्हिसा रद्द,
रविवारी तिच्या खुर्चीत पोखऱ्याची सबिना,
तिच्याच मगमध्ये पेनं.
सी आणि व्ही मला शिकवले ते मारिविकने.

परवा रात्री एक जलवा कापत होते.
नवरीच्या डोक्यावर हिरवं कापड हलतंय, बायका गातायत,
मधेच आई रांगेतून निघते,
कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहते.
घरच्यांचा निरोप होता, तेवढं काढा.
काढलं.
हिरव्या कापडाला हिरवं कापड येऊन चिकटलं.
आई रडलीच नाही.

पहाटेपर्यंत मदतीची पानं चाळली तेव्हा कळलं,
इथे पोकळी हवी तर मागून घ्यावी लागते.
तिची कळ वेगळी, दोन बोटांची.
मागितली. दोन सेकंद.
तीही एक क्लिपच निघाली, राखाडी,
लांबी असलेली, धरून हलवता येणारी.
तिच्याखाली डफांचा आवाज तसाच चालू ठेवला.

सकाळी उम्म ईसा खुर्ची ओढून बघायला बसली.
तिथे येताच भुवया वर गेल्या,
हा अंधार कसला?

म्हटलं, नवं आहे ना,
शिकतेय अजून.