सम थोडी उशिरा

म्हापशात, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. ॲम्प्लिफायर, स्पीकर, इस्त्री,
कधी कुणाचा मिक्सर, नारळाचा चव अडकलेला.
एका शुक्रवारी म्हातारा गोरा आला,
हातात पेटी, कोपऱ्यांना गोणपाटाची ठिगळं.
म्हणाला, खरखर आहे.
मी म्हटलं, कुणाच्या आवाजात?
तो खोकत खोकत हसला.

डगल्ड रेनी. गाव डंडी, स्कॉटलंड.
बाप तागाच्या गिरणीत.
बंगालचा ताग बोटीनं यायचा आणि बाप रात्रभर खोकायचा:
एक, दोन, तीन,
चौथ्याला श्वास.
"ताल मी भिंतीपलीकडून शिकलो," डगल्ड सांगतो.
खरं की थाप, मी विचारलं नाही.

सतराव्या वर्षी बँड. नऊ जण, एक व्हॅन,
ट्रॉम्बोन हप्त्यांवर घेतलेला.
काळ्या अमेरिकेचं फंक
थंडीनं निळ्या पडलेल्या बोटांनी ही पोरं वाजवायची,
आणि डोळे मिटले तर फरक कळत नाही
असं एका वर्तमानपत्रानं छापलं होतं.
कात्रण हरवलंय. त्याला पाठ आहे.

एक गाणं बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं.
दोन आठवडे तिथे टेकलं
आणि चहा न घेता उठणाऱ्या पाहुण्यासारखं उतरलं.
पुढच्या हिवाळ्यात ड्रमर गेला.
मग गिअरबॉक्स गेला, डोंगरातल्या रस्त्यावर, बर्फात.
गाण्याचे हक्क त्यानं तेवढ्यात विकले,
गिअरबॉक्सच्या किमतीत.
सही बॉनेटवर कागद ठेवून केली, कारण बॉनेट गरम होतं.

त्यानंतर लोकांच्या रेकॉर्ड, त्यात त्याचं नाव नाही.
त्यानंतर अकरा वर्षं प्रवासी जहाजं,
जेवणाऱ्या माणसांना अडथळा होणार नाही इतकं हळू.
जहाज मुरगावला लागलं तेव्हा तो उतरला,
पाव घ्यायला, म्हणतो.
आता दर वर्षी येतो. हळदोण्यात खोली, खाली डुकरं,
वर बास.
रविवारी बोस्त्यांव ट्रम्पेट घेऊन येतो,
लग्न किंवा मयत नसेल तर.

एका वर्षी चवथीपर्यंत राहिला.
आमच्याकडे आरती, मी घुमटावर,
भाचा शामेळावर, कासाळं कुणाच्या तरी हाती.
हा दारात, प्लास्टिकच्या खुर्चीत, बूट काढून.
आरती संपल्यावर म्हणाला,
तुमच्यातही सगळे एकावर भेटतात की.
मी सांगितलं, त्याला सम म्हणतात.
सम, तो म्हणाला,
आमसूल जिभेवर ठेवल्यासारखा.
मग माझ्या घुमटावर बोट टेकवून:
पण केसभर उशिरा ये.
त्यांना पडू दे. मग झेल.
मला अजून जमत नाही. भाचा हसतो.

गेल्या जानेवारीत वागातोरला एका शॅकमध्ये
मी स्पीकरची वायर बदलत होतो, डगल्ड सोबत आलेला.
डीजे पोरगा, विशीचा.
आणि त्या ढणढणाटाखालून मला ती चार बोटं ऐकू आली.
बत्तिसावा क्रमांक. दोन ओळींचा तुकडा,
कापलेला, फिरवून फिरवून तोच,
वर कुठली तरी बाई पातळ आवाजात.
वाळूवर तीनशे माणसं त्याच्या बोटांवर उडत होती.
मी वायर सोडून डीजेकडे निघालो.
डगल्डनं मान हलवली. ओठांवर बोट.
सोड्यात लिंबू पिळत राहिला.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
"चौथी मात्रा कापलीय.
तिथे श्वास होता."
बिल त्यानंच दिलं, माझंही.

परवा, शुक्रवारी, पेटी घेऊन परत.
खरखर आहे, म्हणाला.
मी उघडली, पाहिलं, काही नव्हतं.
तरी सगळे जोड साफ केले, झाकण लावलं,
पन्नास रुपये घेतले.
बाहेर मानकुराद विकणारी बाई भाव ओरडत होती.
तो पायरीवर थांबला,
तिचं ओरडणं मोजत,
आणि मग, केसभर उशिरा, खाली उतरला.