गणसंख्या

वाल्पराईसो. सेर्रो गाविओता नावाची टेकडी.
सभा नेहमी संध्याकाळी सातला, वरच्या सभागृहात.
तिथवर एकशे चौसष्ट पायऱ्या.
तिरप्या रुळांवरून चढणारी लाकडी खोली, आमचा आसेन्सोर,
बंद पडून तिसरं वर्ष.
विषय क्रमांक एक: आसेन्सोर.

मी चिटणीस. वही माझ्याकडे.
अकरा सभांचं एकच वाक्य माझ्या अक्षरात:
गणसंख्येअभावी सभा तहकूब,
अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी.
अर्ध्या तासाने आम्ही तेच सहा जण,
गुडघे धड असलेले.
'म्हाताऱ्यांना रस उरला नाही,' अध्यक्ष म्हणाले.
तेही मी लिहून घेतलं.

एप्रिलात वर्गणी मागायला खाली उतरले.

ऐंशीव्या पायरीला दोन्या एदेल्मिराचं दार.
बंदरावरच्या टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं.
'तुमच्या सभागृहाच्या संडासाला कडी नाही,' ती म्हणाली,
'आणि माझी गोळी अशी, की तासात दोनदा उठावं लागतं.
आधी कडी लावा पोरी, मग ठराव मांडा.'

बेलार्मिनोचा उजवा कान क्रेनच्या आवाजाने खाल्ला.
शेवटच्या सभेत तो फक्त हसून मान डोलावत राहिला.
घरी आल्यावर त्याला कळलं,
वर्गणी दुप्पट करायला अनुमोदन
आपणच दिलंय.

नोल्फाकडे सात वाजता दोन नातवंडं, अंघोळीच्या पाण्यात.
मुलगी रात्रपाळीला.
'सकाळी अकराला ठेवा ना,' ती म्हणाली, इतक्या सहज,
की मला माझ्या वहीची लाज वाटली.

उर्किएता मास्तरांनी दार उघडून मला बराच वेळ न्याहाळलं.
'तब्येत विचारायला आलीस?'
नाही म्हटलं, मत विचारायला.
त्यांनी खुर्ची पुसली. दोनदा पुसली.

आणि एकोणतिसाव्या पायरीवरच्या बाई.
कॉफी दिली, पैसे दिले, पावती नको म्हणाल्या.
हजेरीपत्रक पुढे केलं तर हात मागे.
'एकदा सही केली होती. त्र्याहत्तर साली, युनियनच्या यादीवर.
मी आणि भाऊ, एकाखाली एक.
यादी सापडली.
भाऊ सापडला नाही.'

मी पेनाचं टोपण लावलं.

मे महिन्याची सभा सकाळी अकराला,
सभागृहात नाही, जिन्यावर.
ज्याला जिथवर चढवेल त्याने तिथे बसायचं,
ज्याला उतरवेल त्याने उतरायचं.
कोणी उशी आणली, कोणी मटार सोलायला.
नोल्फाचं धाकटं नातवंड मधून मधून पळत राहिलं.
एदेल्मिराच्या संडासाला कडी होती, दार उघडं होतं,
घर निम्म्या वाटेवर होतं.
अध्यक्ष वरून बोलत होते आणि खाली
पोहोचत होती फक्त वाऱ्याची शिट्टी.

तेव्हा ऐंशीव्या पायरीवरून तो जुना आवाज आला:
'थांबा. जोडते.'
वरचं वाक्य तिने खाली दिलं, आहे तसं,
खालचं वर दिलं, थोडं तिखट करून.
बेलार्मिनोच्या डाव्या बाजूला मास्तर बसले
आणि त्याच्या कानात एकेक शब्द ठेवत गेले.
तो या वेळी 'नाही' म्हणाला. दोनदा.
दुसऱ्यांदा तर सगळा जिना हसला.

आसेन्सोर अजून बंदच आहे.
नगरपालिकेला पत्र गेलंय, चौथं.
वर्गणीवरून भांडण झालं, ते पुढच्या सभेत चालू राहील.

पण त्या दिवसाच्या पानावर
पहिल्यांदाच मी लिहिलं: गणसंख्या पूर्ण.
खाली सह्या, काही थरथरत्या, एक अंगठा,
आणि एका ओळीत नाव नाही.
तिथे माझ्याच अक्षरात आहे:
पायरी एकोणतीस. एक जण हजर.