पोच

कानाचं यंत्र आलं तेव्हा खोक्यावर सहा शिक्के होते.
सहाही वाचले. सवयच ती –
चौतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये टपालाचं सॉर्टिंग,
नागपूर स्टेशन, रात्रपाळी.
कान त्याच धडधडाटात गेले.

अठरा हजार सहाशे चाळीस रुपये.
घातलं तर कुकरसारखी शिट्टी,
आठवड्याने तीही नाही.
पहिल्या तक्रारीला उत्तर: आपलं समाधान हेच आमचं ध्येय.
दुसरीला काहीच नाही.

रजिस्टर्ड नोटीस पाठवली कंपनीच्या बेटावर.
नकाशात ते बेट माझ्या नखाखाली मावतं.
सत्तर दिवसांनी परत: पत्त्यावर कोणी नाही.
शेरा मात्र सुवाच्य होता.
असेल तिथेही कुणी माझ्यासारखा, चष्मा कपाळावर ठेवून.

ग्राहक आयोगाबाहेरच्या बाकावर
गोतमारे वकीलबाईंनी माझ्या वहीत लिहिलं:
'विक्रेता हद्दीबाहेर. अशा सौद्याबाबत
कायदा मौन आहे.'
मी हसलो. म्हटलं, जमलं की बाई आमचं,
एकाला ऐकू येत नाही, एक बोलत नाही.

रात्री झोप लागेना.
एकोणनव्वद साली भंडाऱ्याची एक थैली
इटारसीच्या डब्यात चढली,
तर मला मेमो, सहा महिने इन्क्रिमेंट बंद.
एका थैलीला जबाबदार माणूस होता.
मग जो नियम कुणी लिहिलाच नाही
त्याचा मेमो कुणाच्या टेबलावर?

म्हणून दुसरी तक्रार थेट सरकारवर.
बाईंनी लिहिलं: 'टिकणं कठीण.
न लिहिलेलं पत्र उशिरा आलं
असं म्हणता येत नाही.'
मी खाली लिहिलं: येतं.
दारात उभा आहे त्याला विचारा.

डिसेंबरात सरकार इथेच येतं, दहा-बारा दिवस.
रस्त्यांना बांबू, मोर्च्यांना नेमून दिलेल्या जागा.
माझा मोर्चा एकट्याचा, मफलर गुंडाळून.
झिरो माइलच्या दगडावर कुठकुठली अंतरं कोरलीत,
त्या बेटाचं नाही.

खिडकीत अर्ज सरकवला.
पोरगा बरंच काही बोलला,
ओठ हलले, मग हात हलला, बाजूला व्हा असा.
मागची रांग हसली बहुतेक.

मी वही काढली, पेनाचं टोपण काढलं,
दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं.
ऐकू येत नाही, भाऊ.
काय असेल ते लेखी द्या.
अन् खाली आजची तारीख टाका.