वापर : केवळ आनंदासाठी

मी क्लबचा तपासनीस. पगार नाही,
पेट्रोलचे पैसे मिळतात, तेही मागितले तर.
मार्चमध्ये, सोलेफ्तेओच्या पलीकडे,
नदी अजून पांढरी आणि टणक असताना
ईंगेगेर्ड नेसलुंडच्या अंगणात उतरलो.
शेडमध्ये गाडी. व्होल्वो डुएट, एकसष्टची,
राखाडी, मागची दारं कपाटासारखी दोन्हीकडे उघडणारी.

"वर्षाला सात हजार क्रोनर मागतात," ती म्हणाली.
मी म्हटलं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.
ती हसली नाही.
"कोंबडी चार आण्याची नाही."

आमच्यामार्फत आठशे नव्वद.
"आणि अटी?"
पोस्टात चौतीस वर्षं काढलेली बाई,
आधी बारीक अक्षर वाचते, मग मोठं.

रोजच्या कामाला दुसरी गाडी हवी.
ती होती, लेकीने सोडून दिलेली, लाल,
सुरू करताना तीनदा शिंकणारी.
शेडला कुलूप हवं.
होतं. किल्ली शेजारच्याच खिळ्याला.
खिळा मी पाहिला नाही.
चारही बाजूंनी फोटो. एकात तिचा बूट आला, राहू दिला.
डाव्या मडगार्डवर पोचा.
"एल्क. सत्त्याऐंशी साल. तो उठून जंगलात गेला,
आम्ही दोघं रस्त्यातच हसत बसलो, घाबरून."
ठरलेली किंमत : मी पंचावन्न हजार लिहिले.
ती म्हणाली, साठ. गिअरबॉक्स गुस्ताफने हिवाळाभर
स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवलाय.
टेबलावरचा डाग दाखवला. मी साठ केले.

मग मागची दारं उघडली,
आणि उन्हाळा बाहेर आला.
मेण, धूर, चिकट लाकूड.
फळीवर चौकोनी खुणा, घासून घासून गुळगुळीत.

"एकोणीस पेट्या," ती म्हणाली. "जुलैत टेकडीवर नेते,
जळालेल्या रानात गुलाबी फुलं येतात तिकडे.
रात्री. चार फेऱ्या. माश्या झोपेत असतात."
मध विकता?
"शनिवारी. चौकात."

कागदावर छापलेलं होतं :
वापर केवळ आनंदासाठी. मालवाहतूक नाही. धंदा नाही.
मी पेनचं टोपण लावलं, काढलं.
रात्री दोन वाजता, खिडकी खाली करून,
मागे एवढी सगळी गुणगुण घेऊन टेकडी चढताना
आनंद होत नाही का तुम्हाला?

ती बराच वेळ फळीकडे बघत राहिली.
"होतो," म्हणाली. "पण तुम्ही विचारताय ते हे नाही.
खोटं लिहायला आठशे नव्वद कशाला देऊ?
खोटं स्वस्तच असतं,
गाडी जळेपर्यंत."

कोरा रकाना घेऊन मी परत आलो.
बायकोला सांगितलं, ती म्हणाली, बरं झालं,
तू भरून टाकला असतास.

मे महिन्यात फोन. नमस्कार नाही, काही नाही.
"दोन."
काय दोन?
"दोन पेट्या म्हणजे छंद. कंपनीला विचारलं.
बोलणाऱ्या पोराचं नाव आणि वेळ लिहून ठेवलीय.
सतरा येर्केरच्या मुलाला दिल्या, त्याच्याकडे ट्रेलर आहे.
चांगला हाकतो, थोडा घाईने."
मग नदीचा आवाज आला फोनमधून, की तिचा श्वास.
"आता एकच फेरी."

रकाना मी भरला. शिक्का मारला.
सातशे कुठले, सहा हजार एकशे दहा वाचले तिचे,
आकडा मी दोनदा तपासला,
बरोबर होता.

सप्टेंबरात पार्सल आलं, दोऱ्याची गाठ पोस्टातली.
मीटरचा आकडा, तारीख, सही.
आणि एक बाटली. लेबलवर छापलेले पंच्याऐंशी क्रोनर,
त्यावर पेन्सिलची रेघ,
पट्टी लावून मारलेली.