टोपी

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे बारापात्रेंची टपरी.
मे महिन्यात दुपारी दोनला
पान्याला हात लावायचा तर आधी फडकं लागतं.
"हे शेहेचाळीस आपल्यासाठी, पोरी.
इंजिनाच्या पोटात दोन हजार हाय.
त्याले आपला मे म्हणजे गारवाच."

सिलिंडरच्या भिंतीमागे पाण्याची अरुंद गल्ली.
इकडे स्फोट, तिकडे पाणी,
मध्ये अर्ध्या बोटाचं बीड.
पाणी विझवत काहीच नाही, फक्त उचलतं,
पंपाच्या धक्क्यानं रेडिएटरच्या माथ्यावर चढतं
आणि नळ्यांतून उतरता उतरता
ओझं पातींना देतं,
पाती वाऱ्याला, वारा रस्त्याला.
रस्ता मग आपल्याला.

पहिल्याच आठवड्यात मी गरम टोपी उघडली,
गोंडेगावच्या कोळशाच्या टिप्परची. त्याला घाई होती, मलाही.
मनगटावर त्या वाफेचा नकाशा आहे अजून.
बारापात्रे ओरडले नाहीत.
मडक्यातलं पाणी ओतत राहिले हातावर, कितीतरी वेळ,
आणि ओततानाच सांगितलं
की टोपी दाबून धरते म्हणून पाणी शंभरावर उकळत नाही,
तू सोडलंस, ते उसळलं.
"थंड होऊ द्याचं. बसाचं. चहा प्याचा.
गिऱ्हाईक बोंबलन तं बोंबलू दे."

त्यांचे वडील गोळीबार चौकात लुगडी विणायचे.
माग भंगारात गेला, फणीचा एक तुकडा उरला.
त्यानंच ते वाकलेल्या पाती विंचरतात,
मेलेले किडे, चिखल,
शेवरीचा कापूस काढतात
आणि कापूस तेवढा बाजूला ठेवतात. का, ते मी विचारलं नाही.

ड्रायव्हर म्हणतात, थर्मोस्टॅट काढून फेका,
नागपुरात काय काम त्याचं?
बारापात्रे तो चहाच्या पातेल्यात सोडतात,
सगळ्यांना वाकून बघायला लावतात.
ब्याऐंशीला आतलं मेण वितळतं, फुगतं,
पितळी झडप हळूच उघडते.
तोवर बंद. गार इंजिनही झिजतं.
"थंडा नाई कराचा, मापात ठेवाचा."
त्या पातेल्यातला चहा मी पीत नाही.

आज सुगत मेंढेचा फोन आला, कन्हानच्या पुलावरून.
रुग्णवाहिका रिकामी, काटा लालमध्ये,
जवळ पाणी नाही, उभं राहायला सावली नाही.
बारापात्रे म्हणाले, "काचा खाली कर. हीटर लाव. फुल."
पलीकडून जी शिवी आली ती मलाही ऐकू आली.

पण त्यानं लावला.
हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच,
इंजिनाचा ताप तेवढाच माणसाकडे वळवणारा.
पाऊण तासानं तो आला, शर्ट पिळून काढण्यासारखा,
चेहरा विटेसारखा, आणि काटा मधोमध.
उतरला, मडकं तोंडाला लावलं.
मी बॉनेट वर केलं. टोपीला हात लावला नाही.

तिघं बसलो बाकड्यावर.
आत लोखंड आकसत होतं,
टिक्.
बराच वेळ काही नाही.
टिक्.