फास्ट

हा शब्द मी भरधाव गाड्यांसाठी शिकले होते.
मग न्यूफाउंडलंडच्या त्या लाकडी धक्क्यावर
माझा घरमालक अँब्रोज कीली
दोर माझ्या अंगावर फेकून ओरडला,
"मेक हर फास्ट!"
आणि मी होडी जोरात ढकलायला लागले.

तो इतका हसला की त्याला ढास लागली.
अगं, बांध तिला. हलू देऊ नकोस.

पळणं आणि न हलणं
एका शब्दात कसं नांदतं, मी विचारलं.
म्हणाला, लॉरेटा आणि मी नाही का
एका घरात.

लॉरेटा आत हातमोज्यांची लोकर रंगवत होती,
कोपरापर्यंत निळी.
न जाणारा रंग, तोही फास्ट.
आणि गेला, तर म्हणायचं पळाला.
म्हणजे पळतो तो फास्ट नव्हे.
मी गप बटाटे सोलत राहिले.

ईस्टरच्या आधीचा शुक्रवार. तिचा फास्ट.
कोरा चहा, पावाची एक कड.
आमच्याकडे उपासाला साबुदाणा असतो, मी सांगितलं,
वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा.
तिनं चमचा खाली ठेवला.
"आणि उपाशी कधी राहता?"

चुलीवरचं घड्याळ दहा मिनिटं फास्ट,
डेक्लनची शाळेची बस चुकू नये म्हणून.
मासेमारी बंद झाली त्या वर्षी
डेक्लन अल्बर्टाला गेला, तेलाच्या कामावर.
एका आठवड्यात गेला.
घड्याळ कुणी मागे घेतलं नाही.
त्या घरात सगळंच दहा मिनिटं आधी होतं,
वाट बघायला बसणंसुद्धा.

खाडीच्या आतल्या टोकाला
किनारा धरून बसलेला बर्फ होता अजून.
त्याचंही नाव तेच.
अँब्रोजनं टाच आपटून दाखवली: बघ, दगड.
मे उजाडला की एका रात्रीत जाईल,
सांगणार नाही कुणाला.

नऊला फोन वाजला. घड्याळात नऊ दहा.
लॉरेटा कुजबुजली, तो झोपलाय रे,
फास्ट.
पलीकडून डेक्लन काहीतरी बोलत राहिला.
खुर्चीत अँब्रोज, तोंड उघडं,
एक मूठ आवळलेली.
ती म्हणाली, नाही, उठवत नाही. तू बोल.

मी बॅटरी घेऊन धक्क्यावर गेले.
गाठ माझी होती.
अर्धी सुटली होती.