पुलापर्यंत पुरेल असं

लॅपटॉप स्फेलेलेच्या थोरल्या भावाचा.
‘के’चं बटण निखळलेलं,
खालच्या रबरी बोंडावर नख दाबलं की उमटतं.
हेडफोन डाव्या कानापुरता.
उजवीकडे काय वाजतं ते मी
अंदाजाने ठेवते,
अंधारात मीठ घालावं तसं.

दिवसभर उम्लाझीत, मा-झोंडीच्या सलूनमध्ये
वेण्या घालते.
रात्री फोल्डर उघडते. त्रेचाळीस फायली.
प्रत्येकीत आठ मात्रांचं एकच आवर्तन,
दारापर्यंत येऊन
चपला न सापडल्यासारखं
आतल्या आत फिरणारं.
नावं : नवीन, नवीन-दोन, खरंच-नवीन,
शेवटचं, शेवटचं-चार.

स्फेलेले सतरा वर्षांचा, माझ्याहून नऊने लहान.
माझा गुरू.
“किक जाड कर.” केली.
“पातळ कर.” केली.
अख्खा जून मी किक शोधण्यात घालवला.
दोनशे ऐकल्या.
शेवटी सगळ्याच दारावरच्या थापा वाटायला लागल्या
आणि एकदा उठून खरोखरच दार उघडलं.
बाहेर कुणी नव्हतं.
शेजाऱ्यांचं कुत्रं माझ्याकडे बघून
दुसरीकडे बघायला लागलं.

मग दहा दिवस काहीच नाही.
मूड नाही, म्हटलं.
मा-झोंडी कंगवा दातात धरून हसली :
“मूड बघून वेण्या घातल्या असत्यास
तर अर्धं उम्लाझी झिपरं फिरलं असतं.”

त्या दुपारी पहिल्यांदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.
तीन पेड. उजवा मधे, डावा मधे, उजवा मधे.
रेडिओवर कुणीतरी चार मोजत होतं,
बोटं तीन.
भांडण नव्हतं.
बाराव्याला भेटायचे, पुन्हा सुटायचे.

फोनमध्ये भरून घेतलं सगळं :
कंगव्याची कर्र, स्प्रेचा फुस्स,
गेटची कडी.
रात्री किकला चारांतून उठवलं, तिनांत बसवलं.
लंगडली.
पण नाचणारं माणूस लंगडतं तशी.
पहाटेपर्यंत अठरा थर चढवले
आणि लोडशेडिंग.
बॅटरी तर केव्हाच मेलेली.
सेव्ह काहीच नाही.

रडले नाही, असं सांगायला आवडलं असतं.

दुसऱ्या रात्री आठवून आठवून लावत बसले.
अठरांतले पाच आठवले.
उरलेले तेरा कोण होते, कुठून आले होते?
लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांसारखे
जेवून गेले असावेत.
पाचांचंच गाणं झालं :
किक, कडी, कंगवा, फुस्स
आणि माझा श्वास,
फोन फार जवळ धरल्यामुळे आलेला.

शुक्रवारी भेकानीकाकांच्या टॅक्सीत पेनड्राइव्ह दिला.
गाडी जुनी, सीटखालचे स्पीकर गाडीहून महाग.
भाड्याची नाणी मागून पुढे
हातोहात सरकत होती.
कुणी मान वळवली नाही.
एक बाई झोपलेली, ती झोपलीच राहिली.
दुसऱ्या मिनिटाला कळलं,
उजवीकडे कडी दुप्पट जोरात वाजतेय.
सहा महिने त्या बाजूला
मी काय काय ठेवत आले असेन!

मग मागच्या रांगेत
एका शाळकरी मुलाचा गुडघा
तिनांत हलायला लागला.
त्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं,
गुडघ्याचं माझ्याकडे.

काकांनी आवाज कमी केला, फोन घेतला,
कुणालातरी शिवी हासडली, आवाज वाढवला.
तोवर गाणं संपलेलं.
“पुलावर अर्धा तास अडकतो आपण,”
ते आरशातून म्हणाले,
“तुझं गाणं पुलाआधीच उतरून जातं.
लांबव.”

आता पावणेबारा.
दोनला वीज जाणार. तक्ता हल्ली भिंतीवर असतो.
चव्वेचाळिसावी फाइल. नाव : पूल.
सेव्ह.
कडी निम्म्यावर आणली.
सेव्ह.
निम्मी म्हणजे नक्की किती,
ते सोमवारी.